उमेदवार कोण ठरवितो?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनीं नोव्हेंबर महिन्यांतील एका मंगळवारीं कोट्यवधि नागरिक मतदान करतात आणि त्या मतदानानें देशाचा अध्यक्ष ठरतो, अशी सर्वत्र समजूत आहे. ही समजूत खोटी नाहीं. पण ती अपुरी आहे. त्या दिवशीं मतदाराच्या हातीं पडणाऱ्या मतपत्रिकेवर नांवें पुष्कळ असलीं, तरी निवडून येण्याचा संभव दोनच नांवांना असतो. एक डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराचें आणि दुसरें रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवाराचें. १८५२ सालच्या निवडणुकीपासून या दोन पक्षांबाहेरचा कोणीहि मनुष्य तेथें अध्यक्ष म्हणून निवडून आलेला नाहीं.

मग एवढ्या मोठ्या राष्ट्रांतून हीं दोनच नांवें कोणी निवडून काढलीं? पंक्तीस बसलेल्या मनुष्यानें वाढलेल्या दोन भाज्यांपैकीं हवी ती मागून घ्यावी, एवढें स्वातंत्र्य त्याला असतें. परंतु त्या दिवशीं त्या दोनच भाज्या कां शिजल्या, हें आधींच स्वयंपाकघरांत ठरलेलें असतें. लोकशाहीच्या पंक्तीचें वर्णन अनेकांनीं केलें आहे. तिच्या स्वयंपाकघराचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाहीं. अमेरिकेंत हें स्वयंपाकघर दोनशें वर्षांत तीनदां बदललें, आणि प्रत्येक वेळीं आंत शिरण्याची परवानगी अधिक लोकांना मिळाली. अधिक लोक आंत आल्यानें स्वयंपाक अधिक चांगला झाला काय, हा या इतिहासांतील खरा प्रश्न आहे.

१७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें ज्या मुत्सद्द्यांनीं अमेरिकेची राज्यघटना तयार केली, त्यांनीं या प्रश्नाचें उत्तर दिलेंच नाहीं. प्रत्येक संस्थानानें कांहीं निर्वाचक नेमावे, त्या निर्वाचकांनीं अध्यक्षपदासाठीं मतें द्यावीं, आणि कोणासहि बहुमत न मिळाल्यास कायदेमंडळाच्या प्रतिनिधिगृहानें निवड करावी, एवढी योजना त्यांनीं केली. पक्ष आणि पक्षाचा उमेदवार हे शब्द त्या घटनेंत कोठेंहि नाहींत. पक्ष म्हणजे राष्ट्रांत फूट पाडणारी व्याधि, असेंच त्या पिढीला वाटत होतें. जॉर्ज वॉशिंग्टन यांची निवड १७८९ व १७९२ या दोन्ही वेळीं एकमतानें झाली. १७९६ सालीं राष्ट्राचा निरोप घेतांना त्यांनीं पक्षवृत्तीपासून सावध राहण्याचा उपदेश केला. पण ते निवृत्त होतात न होतात तोंच दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकले, आणि आपल्या बाजूचीं मतें फुटूं नयेत म्हणून उमेदवार आधींच ठरवून ठेवणें दोघांनाहि भाग पडलें.

हें काम प्रथम कायदेमंडळांतील सभासदांनीं आपल्याकडे घेतलें. एका पक्षाचे सभासद एकत्र जमत, आपसांत विचार करीत आणि नांव जाहीर करीत. अशा बैठकीला तिकडे कॉकस म्हणत. ही रीति एका दृष्टीनें सोयीची होती. ज्यांनीं उमेदवाराबरोबर वर्षानुवर्षें काम केलें, त्याचा स्वभाव, त्याचें चातुर्य आणि त्याचे दोष जवळून पाहिले, तेच त्याची पारख करीत. जेफर्सन, मॅडिसन आणि मन्रो यांच्यासारखे अध्यक्ष याच काळांत झाले. परंतु अध्यक्षानें कायदेमंडळाचा मिंधा असूं नये, हें घटनेचें एक मुख्य सूत्र होतें. आणि ज्याला कायदेमंडळाच्या सभासदांनीं उमेदवारी दिली, तो त्यांचा ऋणी होणारच. शिवाय या बैठकींत सामान्य नागरिकास शिरकाव नव्हता. लोक या पद्धतीला उपहासानें ‘राजा कॉकस’ म्हणूं लागले.

१८२४ सालीं या राजाचें आसन ढांसळलें. त्या वर्षीं कायदेमंडळांतील सुमारें २६० सभासदांपैकीं अवघे ६६ बैठकीस आले आणि त्यांनीं विल्यम क्रॉफर्ड यांचें नांव पुढें केलें. क्रॉफर्ड यांना आदल्याच वर्षीं पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. इतर इच्छुकांनीं हा निर्णय मानला नाहीं, आणि एकाच पक्षाचे म्हणविणारे चार उमेदवार रिंगणांत उतरले. अँड्र्यू जॅक्सन यांना ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४, क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ निर्वाचकांचीं मतें पडलीं. बहुमत कोणासच नव्हतें, म्हणून निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, आणि तेथें सर्वाधिक मतें मिळविणारे जॅक्सन मागें राहून ॲडम्स अध्यक्ष झाले. ॲडम्स यांनीं पुढें क्ले यांना परराष्ट्रमंत्री नेमलें तेव्हां हा सौदा झाला, असा आरोप देशभर गाजला. मूठभर सभासदांनीं अध्यक्ष ठरवावा, ही कल्पना त्यानंतर लोकांना सहन होईना.

तिच्या जागीं राष्ट्रीय अधिवेशनाची पद्धति आली. संस्थानोसंस्थानींच्या पक्षशाखांनीं प्रतिनिधि निवडावे, त्या प्रतिनिधींनीं एका शहरांत जमावें आणि मतें देऊन उमेदवार ठरवावा, अशी ही योजना होती. गंमत अशी कीं, हा मार्ग एका अल्पजीवी पक्षानें दाखविला. फ्रीमेसन या गुप्तमंडळास विरोध करण्यासाठीं निघालेल्या पक्षानें १८३१ च्या सप्टेंबरांत बाल्टिमोर येथें पहिलें अधिवेशन भरविलें. आणि त्यानें निवडलेले विल्यम वर्ट हे स्वतःच एके काळीं त्या मंडळाचे सभासद होते. पुढल्याच वर्षीं डेमोक्रॅटिक पक्षानें त्याच शहरांत अधिवेशन घेतलें आणि उमेदवारास दोन-तृतीयांश मतें मिळालींच पाहिजेत, असा नियम केला. हा नियम १९३६ सालापर्यंत टिकला.

या नियमाचा प्रभाव १८४४ सालीं दिसला. माजी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरन यांना पहिल्याच फेरींत बहुमत मिळालें, पण दोन-तृतीयांश मतें मिळेनात. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. पहिल्या सात फेऱ्यांत ज्यांचें नांवहि निघालें नव्हतें, ते जेम्स पोक नवव्या फेरींत उमेदवार झाले आणि नोव्हेंबरांत अध्यक्षहि झाले. उपाध्यक्षपदासाठीं सायलस राइट यांची निवड झाली होती. ते वॉशिंग्टनमध्यें होते, आणि बाल्टिमोर व वॉशिंग्टन यांच्यामध्यें मोर्स यांची विजेची तार नुकतीच सुरू झाली होती. राइट यांनीं तारेनें नकार कळविला. पण प्रतिनिधींचा त्या नव्या यंत्रावर विश्वास बसेना, आणि खात्री करून घेण्यासाठीं वॉशिंग्टनला माणसें पाठवावीं लागलीं.

अधिवेशनांतील मंडळी सौदे करीत, हें खरें. पण त्या सौद्यांतून कधीं कधीं अनपेक्षित रत्न हातीं लागे. १८६० सालीं शिकागो येथें रिपब्लिकन पक्षाचें अधिवेशन भरलें, तेव्हां न्यूयॉर्कचे विल्यम सिवर्ड यांचीच निवड होणार, असें बहुतेकांना वाटत होतें. पहिल्या फेरींत त्यांना १७३॥ आणि अब्राहम लिंकन यांना १०२ मतें पडलीं. कांहीं प्रतिनिधींना अर्धेंच मत असल्यामुळें बेरजेंत अर्धीं मतेंहि येत. विजयासाठीं २३३ मतें लागत होतीं. तिसऱ्या फेरीच्या अखेरीस लिंकन यांचीं मतें २३१॥ झालीं, म्हणजे दीड मत कमी पडलें. तेवढ्यांत ओहायोच्या प्रतिनिधींपैकीं चौघांनीं आपलीं मतें बदललीं आणि निर्णय लागला. लिंकन स्वतः तेथें नव्हतेच. ते स्प्रिंगफील्ड येथें आपल्या गांवीं बातमीची वाट पाहत होते. आपल्या नांवानें कोणालाहि वचन देऊं नये, असें त्यांनीं आपल्या माणसांना बजावलें होतें. तरीहि निवडणुकीनंतर सिवर्ड, चेस, बेट्स आणि कॅमेरॉन हे त्या अधिवेशनांतील प्रतिस्पर्धी त्यांच्या मंत्रिमंडळांत आले. एकमेकांशीं बोलून, मन वळवून, सर्वांना चालेल असा मनुष्य शोधण्याची जी कला, तिचा तो विजय होता.

१८८० सालीं तर याहूनहि विलक्षण प्रसंग घडला. जेम्स गारफील्ड हे जॉन शर्मन यांची शिफारस करण्यासाठीं शिकागोच्या अधिवेशनांत आले होते. माजी अध्यक्ष ग्रँट यांचे तीनशेंहून अधिक निष्ठावंत प्रतिनिधि जागचे हलेनात, आणि त्यांच्या विरोधकांना एक नांव सांपडेना. चौतिसाव्या फेरींत विस्कॉन्सिनच्या प्रतिनिधींनीं एकाएकीं गारफील्ड यांना मतें दिलीं. आपली संमति घेतल्याखेरीज आपलें नांव पुढें करण्याचा कोणास अधिकार नाहीं, अशी हरकत गारफील्ड यांनीं उभे राहून घेतली. अध्यक्षांनीं त्यांना खालीं बसविलें. छत्तिसाव्या फेरींत ते उमेदवार झाले.

परंतु ज्या दाराआड असे निर्णय होत, त्याच दाराआड निराळे निर्णयहि होत. १९२० सालीं शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलांतील एका खोलींत सिगारच्या धुरानें कोंदलेल्या हवेंत रिपब्लिकन पुढाऱ्यांनीं रात्रीं खलबत केलें आणि दुसऱ्या दिवशीं दहाव्या फेरींत वॉरन हार्डिंग यांची निवड झाली. त्या खोलींत नेमकें किती ठरलें याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. पण ‘धुरानें भरलेली खोली’ हा शब्दप्रयोग तेव्हांपासून अमेरिकेच्या राजकारणांत कायमचा रूढ झाला. हार्डिंग निवडून आले, आणि त्यांच्या मंत्रिमंडळांतील एका मंत्र्यास लांचेच्या प्रकरणीं पुढें तुरुंगवास भोगावा लागला.

चार वर्षांनीं हें सारें लोकांच्या कानांवर गेलें. १९२४ सालचीं अधिवेशनें हीं रेडिओवरून ऐकविलीं गेलेलीं पहिलीं अधिवेशनें होत. डेमोक्रॅटिक पक्षाचें अधिवेशन न्यूयॉर्क येथें २४ जूनला सुरू झालें. ॲल स्मिथ आणि विल्यम मॅकडू या दोघांच्या पाठीराख्यांनीं एकमेकांना अडवून धरलें. शहरी आणि ग्रामीण, कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट, मद्यबंदीचे विरोधक आणि पुरस्कर्ते असे सारे झगडे त्या एका सभागृहांत उफाळून आले. वर्णानुक्रमानें अलाबामा संस्थानाचें नांव प्रथम पुकारलें जाई, आणि तेथील गव्हर्नर दर फेरीला खणखणीत आवाजांत ‘अंडरवुड यांना २४ मतें’ असें जाहीर करीत. घरोघरीं बसलेल्या श्रोत्यांना तें वाक्य तोंडपाठ झालें. अखेर १०३ व्या फेरींत दोघांनाहि बाजूला सारून जॉन डेव्हिस यांची निवड झाली आणि नोव्हेंबरांत त्यांचा दारुण पराभव झाला. पक्षाचें स्वयंपाकघर राष्ट्रानें प्रथमच कानांनीं अनुभविलें, आणि ऐकून त्याला समाधान वाटलें नाहीं.

खरें पाहतां दार उघडण्याची खटपट त्यापूर्वींच सुरू झाली होती. पक्षाच्या साध्या मतदारानेंच मत देऊन प्रतिनिधि निवडावे किंवा आपली पसंती सांगावी, या पद्धतीला प्राथमिक निवडणूक म्हणतात. विस्कॉन्सिन संस्थानानें १९०५ सालीं आणि ऑरेगॉननें १९१० सालीं या दिशेनें कायदे केले. १९१२ सालीं तिची पहिली मोठी कसोटी लागली. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे विद्यमान अध्यक्ष टॅफ्ट यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि त्यांनीं नऊ संस्थानांच्या प्राथमिक निवडणुका जिंकल्या. टॅफ्ट यांचें स्वतःचें ओहायो संस्थानहि त्यांनीं जिंकलें. पण बहुसंख्य संस्थानांत अशा निवडणुका नव्हत्याच, आणि पक्षयंत्रणा टॅफ्ट यांच्या हातीं होती. वादग्रस्त ठरलेल्या २५४ प्रतिनिधींच्या जागांपैकीं २३५ टॅफ्ट यांच्या पदरांत पडल्या. रूझवेल्ट यांनीं चोरीचा आरोप करून नवा पक्ष काढला. निकाल असा लागला कीं, डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन यांना ४३५, रूझवेल्ट यांना ८८ आणि अधिवेशनानें पसंत केलेल्या टॅफ्ट यांना अवघीं ८ निर्वाचक मतें मिळालीं. मतदारांचा कौल झुगारल्याची किंमत पक्षाला एवढी जबर द्यावी लागली.

तरीहि पुढील अर्धशतक प्राथमिक निवडणुका म्हणजे केवळ लोकमत अजमावण्याचें साधन राहिल्या. १९५२ सालीं सिनेटर एस्टेस कीफॉव्हर यांनीं १५ पैकीं १२ प्राथमिक निवडणुका जिंकल्या आणि न्यू हॅम्पशायरमध्यें तर अध्यक्ष ट्रुमन यांनाहि हरविलें. पण अधिवेशनानें तिसऱ्या फेरींत ॲडलाय स्टीव्हन्सन यांना निवडलें. स्टीव्हन्सन यांनीं एकहि प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. १९६० सालीं जॉन केनेडी यांनीं या निवडणुकांचा दुसरा उपयोग दाखविला. कॅथॉलिक मनुष्य निवडून येणार नाहीं, अशी पुढाऱ्यांना धास्ती होती. केनेडी यांनीं प्रॉटेस्टंटबहुल वेस्ट व्हर्जिनिया जिंकून ती घालविली. निर्णय पुढाऱ्यांचाच होता. परंतु पुरावा आतां लोकांकडून मागितला जाऊं लागला होता.

मग १९६८ साल आलें. व्हिएतनामच्या युद्धानें देश दुभंगला होता. अध्यक्ष जॉन्सन यांनीं ३१ मार्चला माघार जाहीर केली; जून महिन्यांत रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. युद्धविरोधी उमेदवारांना प्राथमिक निवडणुकांत लाखों मतें पडलीं होतीं. परंतु ऑगस्टमध्यें शिकागोच्या अधिवेशनानें उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनीं एकहि प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. सभागृहांत आरडाओरडा आणि रस्त्यावर पोलिसांचा तरुणांवर लाठीमार, हें दृश्य दूरचित्रवाणीवर सर्व देशानें पाहिलें. हम्फ्री हे नालायक होते असें त्यांचे शत्रूहि म्हणत नसत. ज्या रीतीनें त्यांची निवड झाली, ती रीतिच लोकांना अन्यायाची वाटली.

त्या पराभवानंतर डेमोक्रॅटिक पक्षानें एक समिति नेमली. जॉर्ज मॅकगव्हर्न आणि त्यांच्यानंतर डोनाल्ड फ्रेझर हे तिचे अध्यक्ष होते. प्रतिनिधींची निवड उघडपणें, निवडणुकीच्या वर्षांतच आणि सर्व सभासदांना भाग घेतां येईल अशा रीतीनें व्हावी, असे नियम तिनें घालून दिले. अधिवेशनांतील स्त्रियांचें प्रमाण १९६८ सालीं शेंकडा १३ च्या आसपास होतें, तें १९७२ सालीं शेंकडा ४० च्या घरांत गेलें. हे नियम पाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्राथमिक निवडणूक घेणें. म्हणून एकामागून एक संस्थानांनीं तसे कायदे केले, आणि कायदा दोन्ही पक्षांना लागू होत असल्यामुळें रिपब्लिकन पक्षहि त्याच वाटेनें गेला. १९७२ सालीं या नव्या नियमांखालीं खुद्द मॅकगव्हर्न यांनाच उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरांत ५० पैकीं ४९ संस्थानांत त्यांचा पराभव झाला. दार उघडणें आणि निवडणूक जिंकणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा पक्षाला मिळाला. पण एकदां उघडलेलें दार पुन्हां लावणें कोणासहि शक्य नव्हतें.

तेव्हांपासून उमेदवार ठरतो तो असा. निवडणुकीच्या वर्षाच्या जानेवारीपासून जूनपर्यंत संस्थानोसंस्थानीं मतदान होतें. बहुतेक ठिकाणीं प्राथमिक निवडणूक असते. कांहीं ठिकाणीं लोक शाळेंत किंवा सभागृहांत जमून आपली पसंती देतात, आणि त्या सभेलाहि जुन्याच कॉकस या नांवानें ओळखतात. कोठें फक्त पक्षाच्या नोंदलेल्या सभासदांना मत असतें, तर कोठें कोणत्याहि नागरिकाला. या मतांच्या प्रमाणांत उमेदवारांना प्रतिनिधि मिळतात, आणि उन्हाळ्यांतील अधिवेशनांत ते प्रतिनिधि मत देतात. आंकडे आधींच जुळलेले असल्यामुळें अधिवेशन हा आतां बहुधा एक समारंभ असतो. निकाल खरोखर अनिश्चित असलेलें शेवटचें अधिवेशन १९७६ सालीं कॅन्सस सिटी येथें झालें; तेथें जेरल्ड फोर्ड यांनीं रोनाल्ड रेगन यांचा १,१८७ विरुद्ध १,०७० मतांनीं पराभव केला.

मतांचें प्रतिनिधींत रूपांतर कसें करावें, या रुक्ष हिशेबांतच पुष्कळदां निकाल दडलेला असतो. डेमोक्रॅटिक पक्षांत निदान शेंकडा १५ मतें मिळविणाऱ्यांनाच प्रमाणशीर वांटणी मिळते. रिपब्लिकन पक्षांत कित्येक संस्थानें सर्व प्रतिनिधि एकट्या पहिल्या उमेदवाराला देतात. २०१६ सालीं दक्षिण कॅरोलिनांत डोनाल्ड ट्रंप यांना एक-तृतीयांशाहून किंचित् कमी मतें मिळालीं, पण तेथील पन्नासहि प्रतिनिधि त्यांना मिळाले. फ्लॉरिडांत निम्म्याहून कमी मतांवर ९९ प्रतिनिधि त्यांच्या खात्यांत जमा झाले. पक्षांतील अनेक वडीलधाऱ्यांचा त्यांना विरोध होता. परंतु विरोधकांचीं मतें अनेक उमेदवारांत विभागलीं गेलीं होतीं. पूर्वीं अशा वेळीं पुढारी एका खोलींत जमून एका नांवावर येत. आतां तशी खोलीच उरली नव्हती.

क्रमालाहि असेंच महत्त्व आलें. १९७६ सालीं जिमी कार्टर यांचें नांव देशांत फारसें कोणास ठाऊक नव्हतें. आयोवा या शेतीप्रधान संस्थानांत ते महिनोन्‌महिने हिंडले. तेथील सभांत सर्वांत मोठा गट कोणासहि पसंती न देणाऱ्यांचा निघाला. पण नांवें घेतलेल्या उमेदवारांत कार्टर पहिले आले, वृत्तपत्रांनीं त्यांचा जयघोष केला आणि वर्षअखेर ते अध्यक्ष झाले. तेव्हांपासून आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन लहान संस्थानांना त्यांच्या लोकसंख्येशीं विसंगत असा मान मिळाला. पहिलें मतदान आपल्याकडेच व्हावें, असा न्यू हॅम्पशायरनें कायदाच केलेला आहे. २०२० सालीं आयोवांत निकाल कळविण्याच्या यंत्रणेंत घोटाळा झाला, आणि २०२४ सालीं डेमोक्रॅटिक पक्षानें पहिला मान दक्षिण कॅरोलिनाला दिला. तरी न्यू हॅम्पशायरनें आपलें मतदान जानेवारींतच उरकून घेतलें. ज्या संस्थानांची पाळी वसंत ऋतु संपतांना येते, तेथील मतदारास अनेकदां ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारण्यापलीकडे कांहींच उरत नाहीं.

जाणत्या मंडळींचा आवाज सर्वस्वीं नाहींसा होऊं नये म्हणून डेमोक्रॅटिक पक्षानें १९८४ सालापासून आपल्या कायदेमंडळ-सभासदांना, गव्हर्नरांना आणि इतर पदाधिकाऱ्यांना प्राथमिक निवडणुकांशीं बांधील नसलेले प्रतिनिधि म्हणून मत दिलें. परंतु २०१६ सालच्या स्पर्धेंत याच मतांवर पक्षपाताचा आरोप झाला, आणि २०१८ सालीं असें ठरलें कीं, चुरस असल्यास पहिल्या फेरींत या मंडळींनीं मत देऊं नये. उमेदवाराला जे सर्वांत जवळून ओळखतात त्यांचेंच मत पक्षाला सर्वांत संशयास्पद वाटावें, ही या इतिहासांतील एक विचित्र परिणति होय.

आणि तरीहि जुनी अडचण एके दिवशीं पुन्हां दारांत येऊन उभी राहिली. २०२४ सालीं अध्यक्ष जो बायडन यांनीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुका जवळजवळ स्पर्धेशिवाय जिंकल्या. २७ जूनला ट्रंप यांच्याबरोबर झालेल्या वादसभेनंतर त्यांच्या वयाविषयींची चिंता पक्षांत उघडपणें बोलून दाखविली जाऊं लागली, आणि २१ जुलैला त्यांनीं माघार घेतली. निवडणुकीला साडेतीन महिने उरले होते. पुन्हां लोकांचीं मतें घेण्यास अवधि नव्हता. निवडलेल्या प्रतिनिधींनीं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत दूरस्थ मतदान करून उपाध्यक्षा कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. त्या वर्षीं अध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून त्यांना प्राथमिक निवडणुकांत कोणीहि मत दिलेलें नव्हतें. नोव्हेंबरांत त्यांचा पराभव होऊन ट्रंप अध्यक्ष झाले. हें लोकमताचें उल्लंघन झालें, असें कांहींनीं म्हटलें; प्रतिनिधि नेमले जातात ते अशाच प्रसंगासाठीं, असें इतरांनीं म्हटलें. दोन्ही पक्षांचें म्हणणें १८२४ सालींहि जसेंच्या तसें शोभलें असतें.

मूठभरांच्या हातीं निवड असली कीं, ती विचारपूर्वक होऊं शकते. पण ती स्वार्थानेंहि होऊं शकते, आणि लोकांना ती आपली वाटत नाहीं. सर्वांच्या हातीं निवड दिली कीं, ती आपली वाटते. पण परिचय, विचारविनिमय आणि तडजोड यांना वाव राहत नाहीं, आणि पैसा, प्रसिद्धि व मतदानाचा क्रम यांचें बळ वाढतें. निर्दोष रीति अमेरिकेला सांपडलेली नाहीं. मात्र एक फरक मोठा आहे. १९२० सालीं वाईट निवड झाली तर लोकांना त्या धुरानें भरलेल्या खोलीकडे बोट दाखवितां येत होतें. आज तसें बोट दाखविण्यास जागा नाहीं.

आणि येथेंच सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. २०१६ सालीं दोन्ही पक्षांत तीव्र चुरस होती. तरी प्राथमिक निवडणुकांत भाग घेणाऱ्यांची संख्या पात्र मतदारांच्या तीन-दशांशाहूनहि कमी होती. म्हणजे ज्या दारासाठीं १९१२ सालीं पक्ष फुटला आणि १९६८ सालीं तरुणांनीं लाठ्या खाल्ल्या, तें दार उघडें असतांना दहांपैकीं सात माणसें बाहेरच राहिलीं. नोव्हेंबरांत तींच माणसें मतपत्रिका हातीं घेऊन म्हणतात कीं, या दोघांपैकीं एकहि आपल्या पसंतीचा नाहीं. त्यांची तक्रार खोटी नसेल. परंतु ती करण्याची वेळ मार्चमध्येंच निघून गेलेली असते. पानावर काय यावें याविषयीं ज्याला आस्था आहे, त्यानें पंक्तीची वाट न पाहतां चूल पेटते त्या वेळींच हजर राहिलें पाहिजे.